जोह्याचे हात, होडीचा माल

पेण-रोह्याच्या खाडीपट्ट्यात ज्या कुणाला प्लायवूड आणि इपॉक्सीची होडी घरी बांधायची असेल, त्याने परदेशी नकाशे मागवण्याआधी चार दिवस जोह्यात काढावेत, असे आम्ही सुचवतो. जोहे, हमरापूर, कळवे, दादर, रावे ही गावे गणपतीच्या मूर्तींसाठी ओळखली जातात. इथला कारखाना म्हणजे बहुतेक वेळा घराला लागून घातलेली शेड. वर पत्रा किंवा ताडपत्री, खाली मूर्तींच्या रांगा, आणि घरातली माणसे आपापल्या कामाला बसलेली. साचा भरणारे हात वेगळे, सांधे भरणारे वेगळे, पॉलिश पेपर मारणारे वेगळे, रंगाचे वेगळे. होडीला लागणारे जवळजवळ प्रत्येक हातकाम या शेडमध्ये रोज चालू असते. आमच्या वाचकांतल्या सुतारांना हे पटायला वेळ लागेल, कारण होडी म्हटली की त्यांच्यासमोर पठाण, फळ्या, खिळे आणि कलफात उभी राहते. प्लायवूडच्या होडीत यातले फार थोडे उरते.

पद्धत एकदा नीट सांगतो. सहा मिलिमीटरच्या प्लायमधून तळ आणि बाजू अशा कापायच्या की कडा एकमेकींना टेकवल्या की होडीचा आकार आपोआप उभा राहावा. कडांजवळ बारीक भोके पाडून तांब्याच्या तारेने त्या शिवायच्या. आतल्या कोनात, इपॉक्सीत लाकडाचे बारीक पीठ मिसळून केलेली पुट्टी गोलाईत भरायची. त्यावर विणलेल्या ग्लास क्लॉथची पट्टी इपॉक्सीत भिजवून बसवायची. मग तारा काढायच्या, बाहेरच्या कडा गोल घासायच्या आणि बाहेरूनही पट्टी चढवायची. आधी सांगाडा उभारावा लागत नाही. इंग्लंडमध्ये 1963 साली ‘डेली मिरर’ या वर्तमानपत्राने याच पद्धतीची सुमारे 11 फुटांची ‘मिरर’ होडी लोकांपुढे आणली. आराखड्यामागे होते जॅक होल्ट आणि दूरचित्रवाणीवर घरची दुरुस्तीकामे शिकवणारे बॅरी बकनेल. पुढे अशा 70,000 हून अधिक होड्या तयार झाल्या, त्यातल्या कितीतरी घराच्या गॅरेजमध्ये.

फळ्या शिवण्यात आपल्या किनाऱ्याला नवल वाटण्यासारखे काही नाही. अजिंठ्याच्या चित्रातल्या पाचव्या शतकातील जहाजावरून गोव्याच्या होडी इनोव्हेशन्सने काथ्याच्या दोरीने शिवलेले जहाज बांधले. केरळच्या बाबू शंकरन यांच्या हाताखालच्या कारागिरांनी ते शिवले, मे 2025 मध्ये कारवारला नौदलाने ते ‘कौंडिण्य’ नावाने दाखल करून घेतले आणि वर्षाअखेरीस ते पोरबंदरहून मस्कतच्या वाटेला लागले. त्या जहाजात दोरीच कायमचा भार घेते. आपल्या होडीत तारेचे काम गोंद धरेपर्यंतचेच असते, पुढचा सगळा भार सांध्यातल्या इपॉक्सीवर आणि काचेच्या धाग्यांवर येतो. म्हणून शिवण सुबक दिसली की होडी पक्की झाली, असे कुणी समजू नये. या होडीचे आयुष्य आतल्या कोनातल्या त्या गोलाईत ठरते.

आणि तिथेच जोह्याचा हात उपयोगी पडतो. प्लास्टरमध्ये काथ्या का घालतात हे तिथल्या पोरासोरांनाही माहीत असते: नुसते प्लास्टर ठिसूळ, काथ्याने ते धरून राहते. रेझिन आणि काचेच्या धाग्याचे नाते नेमके तेच. मिश्रण कधी हाताला जड लागते, कधी हात आवरता घ्यायचा, साच्यातून निघालेल्या दोन भागांचा सांधा कसा भरायचा की घासल्यावर रेघ राहू नये, सोंडेच्या वळणावर पॉलिश पेपर किती हलका धरायचा, हे सगळे पुस्तकात वाचून येत नाही. आमच्या मते इपॉक्सीच्या कामातला अवघड भाग हाच आहे. शहरातला हौशी माणूस आपल्या पहिल्या होडीवर हे शिकतो. जोह्यातला कारागीर हे शिकूनच येतो.

पण हात तेच असले तरी माल वेगळा आहे, आणि मालाबरोबर आलेल्या सवयी मागे ठेवाव्या लागतात. या अंकात आम्हाला सांगायचे आहे ते हेच.

पहिली सवय प्रमाणाची. फायबरच्या होड्या आणि साचे करणाऱ्यांचा हात पॉलिस्टर रेझिनवर बसलेला असतो. तिथे हार्डनर टक्का-दोन टक्के पडतो, घाई असेल तर थेंबभर जास्त टाकला की माल लवकर धरतो. इपॉक्सीत हे चालत नाही. तिथे रेझिन आणि हार्डनर यांचे रेणू एकमेकांशी जोडले जातात, ठरलेल्या प्रमाणात. हार्डनर जास्त झाला की उरलेला भाग कुणाशीच न जुळता आत राहतो, आणि सांधा महिनाभरानेही नखाने दबतो. कंपनीने वजनाचे प्रमाण दिले असेल तर डिजिटल काट्यावर वजनच करावे, मापाचे दिले असेल तर मापानेच घ्यावे. दोन्ही द्रवांची घनता वेगळी असल्याने दोन्ही आकडे एक नसतात. काम हळू करायचे की लवकर, हे हार्डनरची जात निवडून ठरवावे. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये शेडखाली 35 अंश सहज होतात, आणि तापमान दहा अंश चढले की रासायनिक क्रिया साधारण दुप्पट वेगाने चालते. 25 अंशांना वीस मिनिटे पुरणारे मिश्रण तेव्हा दहा मिनिटांत हातातून जाते. खोल डब्यात पाव किलो कालवून ठेवले तर ते स्वतःच्याच उष्णतेने धूर सोडू लागते. थोडे कालवावे आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओतावे.

दुसरी सवय मॅटची. बाजारात सगळ्यात सहज मिळते ती तुकड्या धाग्यांची चॉप्ड स्ट्रँड मॅट. तिच्या धाग्यांना धरून ठेवणारा चिकटा पॉलिस्टरमधल्या स्टायरिनमध्ये विरघळतो, म्हणून ती वळणावर मऊ बसते. इपॉक्सीत स्टायरिन नसते. मॅट ताठ राहते, कोपऱ्यात उचलली जाते आणि खाली हवा राहते. विणलेले क्लॉथच घ्यावे. आणि उलट बाजूने, पैसे वाचवण्यासाठी प्लायवर पॉलिस्टर रेझिन लावण्याचा मोहही आवरावा. ते लाकडाला मनापासून धरत नाही, आणि आपल्या प्लायच्या गर्जनसारख्या तेलकट लाकडाला तर मुळीच नाही. इपॉक्सी लावण्याआधीही गर्जनचा पृष्ठभाग घासून ॲसिटोनने पुसून घ्यावा.

तिसरी सवय भरावाची. शेडमध्ये प्लास्टर आणि चॉक पावडर पोत्याने पडलेली असताना ती इपॉक्सीत मिसळावीशी वाटणारच. मिसळू नये. प्लास्टर पाणी पिते आणि ओले झाले की मऊ पडते. सांध्यात लाकडाचे पीठ आणि पुट्टी ओघळू नये म्हणून थोडी फ्यूम्ड सिलिका, एवढेच जावे.

आता प्लायबद्दल, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिथेच होते. दुकानात ‘मरीन’ हा शब्द स्वयंपाकघरातल्या कपाटासाठीही सर्रास वापरला जातो. आपल्याला हवे ते आयएस 710 चे. त्याचा चिकटा फिनॉल फॉर्मल्डिहाइडचा असतो आणि मानकाप्रमाणे नमुना 72 तास उकळत्या पाण्यात ठेवूनही थर सुटता कामा नयेत. आयएस 303 चे बीडब्ल्यूआर प्लाय दिसायला तसेच, पण होडीच्या कामाचे नाही. शिक्का पाहून थांबू नये. ताव विकत घेण्याआधी कडा चारही बाजूंनी पाहावी. आतल्या थरांत पोकळी दिसली तर तो ताव परत करावा, मग दुकानदार काहीही म्हणो. कपाटात ती पोकळी कुणाला कळत नाही. होडीत तो ताव वाकवताना तिथेच मोडतो, किंवा पुढे पाणी तिथे जाऊन बसते. तावाची दोन इंची पट्टी कापून घरीच चुलीवर दिवसभर उकळावी, मग वाळवून पकडीने थर सोडवायचा प्रयत्न करावा. ही प्रयोगशाळेची चाचणी नव्हे, पण खोटा माल बहुतेक वेळा यातच उघडा पडतो.

लाकडाला गोंदाने कायमचे बंद करण्यात काय मिळते, हे दोन जहाजांच्या गोष्टीवरून कळते. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहैली’ मुंबईत सागवानात बांधली गेली. 1968-69 मध्ये त्यांनी तिच्यातून एकट्याने, कुठेही न थांबता 312 दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि अटलांटिकमध्येच त्यांना पाण्यात उतरून तळाच्या उघडलेल्या फटी कापूस आणि तांब्याच्या पट्टीने बुजवाव्या लागल्या. फळी ओली-सुकी होते, हलते, आणि फट उघडते. त्यात बांधणाऱ्याचा दोष नसतो. पुढे गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये 56 फुटी ‘म्हादेई’ तयार झाली: आत लाकडाचा गाभा, वर इपॉक्सी आणि फायबरग्लास. तिच्यातून 2009-10 मध्ये दिलीप दोंदे यांनी आणि 2012-13 मध्ये, कुठेही न थांबता, अभिलाष टोमी यांनी एकट्याने प्रदक्षिणा केली. आपली दहा फुटी होडी त्याच कुळातली आहे.

पण ते बंद करणे कोरड्या लाकडावर झाले पाहिजे, आणि इथे कोकणाचे हवामान आडवे येते. लाकडातला ओलावा 12 टक्क्यांच्या आत हवा. पावसाळ्यात उघड्या शेडमध्ये ठेवलेला ताव 17-18 टक्क्यांपर्यंत सहज जातो. शिवाय दमट हवेत धरणाऱ्या इपॉक्सीवर मेणासारखा बुळबुळीत थर येतो. तो थिनरने निघत नाही, पॉलिश पेपरने नुसता पसरतो. साध्या पाण्याने आणि खरखरीत स्पंजने धुतला तर जातो. न धुता वरचा हात दिला तर पुढच्या वर्षी रंग सालासारखा सुटतो.

म्हणून आमचे म्हणणे असे की होडीचे काम दसऱ्यानंतर सुरू करावे आणि होळीपर्यंत संपवावे. या दिवसांत हवा कोरडी असते, आणि माल रवाना झाल्यावर जोह्यातल्या शेडमध्येही काही आठवडे तरी मोकळी जागा असते. मूर्तीचे काम आता बारमाही झाले आहे हे खरे, पण आठ फुटी प्लायचे दोन-तीन ताव मांडता येतील एवढा कोपरा तेव्हा मिळू शकतो. थंडीत इपॉक्सीचा हात दुपारी तीन-चारच्या सुमारास द्यावा. सकाळी दिला तर लाकूड तापत जाते, त्यातली हवा बाहेर येते आणि पृष्ठभागावर बुडबुडे राहतात. फार उशीर केला तर खाडीकाठचे दव पडते. शेवटचा हात इपॉक्सीचा ठेवू नये. उन्हाने ते पिवळे पडून भुसभुशीत होते, वर रंग हवाच, आणि रंगाच्या बाबतीत आम्ही जोह्याला काही शिकवायला जाणार नाही.

एक गोष्ट मात्र ठासून सांगायला हवी. या घरांमध्ये बायका आणि शाळेतली मुलेही कामाला हात लावतात. इपॉक्सीचा हार्डनर अंगाला पुन्हा पुन्हा लागला तर कातडीला कायमची ॲलर्जी होऊ शकते, आणि ती झाली की त्या माणसाला पुन्हा इपॉक्सीजवळ बसता येत नाही. नायट्रिल हातमोजे, अर्धवट धरलेला थर घासायचा नाही, घासताना चांगला मास्क, हात धुवायला थिनर नाही. मुलांना रेझिनपासून लांब ठेवावे. ज्या शेडमध्ये जेवणाची ताटेही मांडली जातात, तिथे हे नियम मोडायची मुभा कुणालाच नाही.

होडी तयार झाली की पाणी येते, आणि आपले पाणी सोपे नाही. पाताळगंगा, भोगावती आणि अंबा यांच्या खाड्यांत उधाणाची भरती मोठी असते, ओहोटीला चिखल उघडा पडतो. होडी तासन्‌तास चिखलात बसणार, कालवांवर घासणार. म्हणून तळाला बाहेरून क्लॉथचे दोन थर द्यावेत. धरमतरच्या खाडीत मालाचे बार्ज ये-जा करतात, त्यांच्या लाटेत कमी उंचीची होडी पाणी घेते. पुढे आणि मागे बंद कप्पे करून त्यांत मिळून निदान 200 लिटर हवा राखावी, असा आमचा आग्रह आहे. एक लिटर बंद हवा साधारण एक किलो वजन तरंगत ठेवते. होडी भरली तरी दोन माणसांना धरून राहता आले पाहिजे. 21 मे 2024 रोजी उजनी जलाशयात वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जणांचे प्राण गेले. जॅकेट अंगात असावे, कप्पे होडीत असावेत, आणि इंजिन बसवायचे असेल तर नोंदणी आधी करावी.

या पाण्याला शोभेल असा नकाशा मात्र आज आमच्याकडे नाही. बाहेरून मिळणारे नकाशे तळ्यांसाठी आणि वाळूच्या किनाऱ्यांसाठी काढलेले असतात. आपल्या खाडीतल्या जुन्या सपाट तळाच्या लाकडी होड्यांनी इथला चिखल आणि इथली भरती पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहे. त्या आता बांधावर उलट्या पडून कुजत आहेत. रावे, दादरपासून कुंडलिकेच्या काठापर्यंत जिथे अशी होडी दिसेल तिथे वाचकांनी टेप लावावा. एकूण लांबी, दर दोन फुटांवर तळाची आणि वरची रुंदी, बाजूची उंची, नाळेचा चढ, आणि ती होडी किती माणसे व किती ओझे नेत असे, एवढे लिहून मालकाच्या परवानगीने फोटोसह आमच्याकडे पाठवावे. मापे दसऱ्याच्या आत हाती आली तर त्यांवरून प्लायच्या दोन-तीन तावांत बसणारा नकाशा आम्ही तयार करवून घेऊ आणि पूर्ण मापात, घडीच्या पानावर छापू.