वर्ध्याची तालीम कोणाची?

स्वातंत्र्याची गोष्ट सांगताना आपण नेहमी पंधरा ऑगस्टपाशी येऊन थांबतो. इंग्रज गेले, तिरंगा चढला, गोष्ट संपली. वास्तविक नव्या राष्ट्राची गोष्ट सोळा ऑगस्टच्या सकाळी सुरू होते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वीस वर्षांत आशिया आणि आफ्रिकेतले कितीतरी देश गुलामीतून मोकळे झाले आणि थोड्याफार फरकाने प्रत्येकापुढे तेच प्रश्न उभे राहिले. कारभार कोणत्या भाषेत चालवायचा? साहेबाने कारकून घडवण्यासाठी काढलेल्या शाळांचे काय करायचे? हाताने काम करणाऱ्याला मान कसा मिळवून द्यायचा? झेंडा एका रात्रीत बदलता येतो. शाळा तशी बदलत नाही, आणि शाळा बदलली नाही तर नव्या झेंड्याखाली जुनेच राज्य चालू राहते.

हा शाळेचा प्रश्न स्वातंत्र्याच्या दहा वर्षे आधी आपल्या वर्ध्यात हाती घेतला गेला होता. ज्या समितीने त्याचे उत्तर लिहिले तिचा अध्यक्ष मुसलमान होता. आपल्या मोहल्ल्यात ही गोष्ट किती जणांना ठाऊक आहे? मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. बी.एड.च्या अभ्यासात 'वर्धा योजना' आमच्यापुढे आली ती 'टिपा लिहा'मधली एक टीप म्हणून. टीप लिहिली, गुण मिळाले, विषय संपला. वर्धा जिल्ह्यातल्या शिक्षकाची ही तऱ्हा, तर बाकीच्यांचे काय सांगावे!

माझे म्हणणे सरळ आहे. नई तालीम साऱ्या देशासाठी होती, पण तिची सर्वांत जास्त गरज आपल्या समाजाला होती. सरकारने तिला उपाशी ठेवून मारले आणि आपण तिच्या जनाज्यालाही गेलो नाही.

आधी हा जिल्हा कसा झाला ते पाहू. १८५४ साली नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. १८६२ साली नागपुरातून वेगळा काढून वर्धा जिल्हा बनवला. पुढल्या काही वर्षांत रेल्वे आली. हिंगणघाटच्या कापसाचे नाव तेव्हा विलायतेपर्यंत गेले होते. कापूस इथून मुंबईला, मुंबईहून विलायतेच्या गिरण्यांत, आणि तिथून कापड होऊन परत आपल्याच बाजारात! या फेऱ्यात इथला विणकर बसला, सूत कातणारी बाई बसली, धुनकी घेऊन गावोगाव फिरणारा पिंजारी बसला. शाळाही याच हिशोबाची होती. गावातले हुशार पोर उचलायचे, त्याला बापाच्या हत्याराची लाज वाटेल इतके शिकवायचे आणि कचेरीत बसवायचे. जे पोर कचेरीपर्यंत पोहोचले नाही ते ना घरचे राहिले ना घाटचे.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. अध्यक्षस्थानी गांधीजी होते. हस्तोद्योगातून शिक्षण आणि त्या उद्योगाच्या कमाईतून शाळेचा खर्च, अशी त्यांची कल्पना होती. दिल्लीच्या जामिया मिल्लियाचे प्रमुख डॉ. झाकिर हुसेन त्या परिषदेत होते. वय चाळीस, बर्लिनची डॉक्टरेट. त्यांनी भर सभेत सांगितले की कामातून शिकवणे ही काही जगावेगळी गोष्ट नाही, आणि शाळेने स्वतःचा खर्च काढावा यावर फार जोर दिला तर शिक्षक मुलांना राबवून घेणारे मुकादम होतील. गांधीजींना हे ऐकून राग आला नाही. अभ्यासक्रम तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांनी याच माणसाकडे दिले. समितीत विनोबा होते, काका कालेलकर होते, कुमारप्पा, जाजू आणि आर्यनायकम होते, तसेच अलीगढशी नाते असलेले ख्वाजा गुलाम सैयदैनही होते. डिसेंबरात अहवाल तयार झाला. सात ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला सात वर्षे मोफत आणि सक्तीचे शिक्षण, तेही मातृभाषेतून. मध्यभागी एखादा हस्तोद्योग आणि त्याच्या आधाराने गणित, विज्ञान, समाजशास्त्र. शिवाय हिंदुस्थानी भाषा, जिच्यासाठी नागरी आणि उर्दू या दोन्ही लिप्या मानलेल्या. १९३८ मध्ये ही योजना चालवण्यासाठी संस्था निघाली, तिचे नाव हिंदुस्थानी तालीमी संघ. ठिकाण सेवाग्राम, अध्यक्ष झाकिर हुसेन.

शब्दांकडे जरा लक्ष द्या. तालीम! देशाच्या नव्या शिक्षणाला जे नाव मिळाले ते आपल्या मदरशाच्या ओसरीवरचे होते.

मग आपण काय केले? त्याच काळात मध्य प्रांताचे मंत्री रविशंकर शुक्ल यांनी 'विद्यामंदिर' नावाची योजना आणली. 'मंदिर' या शब्दाला मुसलमानांनी हरकत घेतली. ती हरकत रास्त होती असे माझे आजही मत आहे. सर्वांच्या पैशाने चालणाऱ्या शाळेचे नाव सर्वांना आपले वाटेल असे असावे, एवढे कळायला मोठी अक्कल लागत नाही. पण मुस्लिम लीगने त्या एका शब्दाबरोबर वर्धा योजनाही गुन्हेगाराच्या पिंजऱ्यात उभी केली. १९३८ च्या पीरपूर अहवालात काँग्रेस सरकारांविरुद्धच्या तक्रारींत तीही आली. अहिंसेचे धडे देऊन मुसलमान मुलांना त्यांच्या दीनपासून तोडण्याचा हा डाव आहे, असा प्रचार झाला. शाळेत धर्मशिक्षण नाही, यावर वाद घालता आला असता. लिपीवर, पुस्तकांवर, शिक्षकांच्या भरतीवर भांडता आले असते. अध्यक्ष आपला होता, त्याच्या दारात जाऊन भांडता आले असते. आपले पुढारी 'मंदिर' या शब्दावर रस्त्यात उतरले आणि 'तालीम' या शब्दाला अनाथ सोडून आले.

नुकसान कोणाचे झाले? सच्चर समितीचा २००६ चा अहवाल काढून पाहा. या देशात काम करणाऱ्या मुसलमानांपैकी सुमारे ६१ टक्के लोक स्वतःच्या धंद्यावर पोट भरतात. म्हणजे कोण? शिलाईवाला, वेल्डर, मोटार मेकॅनिक, सुतार, पिंजारी, रंगारी, गवंडी. आपण कारागिरांची कौम आहोत. ज्या शिक्षणाचा पायाच कारागिरी होता, ते आपल्यासाठी परके होते असे कोणी म्हणत असेल तर त्याने आधी आपला मोहल्ला एकदा डोळे उघडून फिरावा.

वर्गात रोज काय दिसते ते सांगतो. शाळा सुटल्यावर गॅरेजात बसणारे पोर दहा-अकराचा पाना मागितला की बारा-तेराचा देत नाही. बोल्ट पाहूनच माप ओळखते. तेच पोर फळ्यावर अपूर्णांक आला की मान खाली घालते. वेल्डरचा मुलगा गुण्या लावून काटकोन साधतो आणि भूमितीत नापास होतो. शिलाईवाल्याची मुलगी सव्वा, दीड, पावणेदोन बोटांवर करते. तिच्या आजोबांच्या तोंडी गिरह होती, सोळा गिरहांचा एक गज. एक षोडशांश शिकवायला याहून चांगले साधन कुठून आणणार? पण आमच्या शाळेत गिरह येत नाही, पाना येत नाही, गुण्या येत नाही. शाळा त्या पोराला सांगते, तुला जे येते ते ज्ञान नाही. गॅरेजचा उस्ताद सांगतो, शाळेत जे शिकवतात त्याने पोट भरत नाही. आठवी-नववीत पोर उस्तादाचे ऐकते. मग आपण तालीमी जलसे भरवून 'गळती' या विषयावर तकरिरी करतो!

आता सरकारकडे वळू, कारण सगळे माप समाजाच्याच पदरात घालणे बरोबर नाही. 'भारत छोडो'चा मार्ग मोकळा करणारा कार्यसमितीचा ठराव १४ जुलै १९४२ ला वर्ध्यातच झाला, आणि तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते मौलाना आझाद. पुढे १९४७ पासून १९५८ मध्ये इंतकाल होईपर्यंत तेच देशाचे शिक्षणमंत्री होते. त्यांच्या काळात खरगपूरला पहिली आयआयटी उभी राहिली, विद्यापीठ अनुदान आयोग आला. ही कामे लहान नव्हती. पण गावची शाळा राज्यांच्या ताब्यात होती आणि राज्यांतले साहेब बदलले तरी साहेबी बदलली नाही. बुनियादी शाळा हे राष्ट्रीय धोरण म्हणून कागदावर राहिले. परीक्षा जुनीच, नोकरीची पात्रता जुनीच, वरच्या खुर्चीची भाषा जुनीच. टकळी गरिबाच्या पोराच्या हाती आणि इंग्रजी पुस्तक साहेबाच्या पोराच्या हाती, अशी वाटणी झाली.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो वजनदार आहे. हस्तोद्योगाचे शिक्षण म्हणजे सुताराच्या पोराला सुतारच ठेवायचे, हाच डाव ना? १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी शाळेचा वेळ कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी बापाचा धंदा शिकावा अशी योजना आणली. पेरियार आणि इतरांनी तिच्यावर जातीच्या धंद्याचे शिक्षण म्हणून हल्ला केला आणि १९५४ मध्ये कामराज आल्यावर ती गुंडाळावी लागली. ते योग्यच झाले. पण ती नई तालीम नव्हती. झाकिर हुसेन समितीने प्रत्येक मुलासाठी उद्योग सांगितला होता, वकिलाच्या मुलासाठीही. सुताराच्या पोराला रंध्याच्या आधाराने विज्ञानापर्यंत न्यायचे आणि वकिलाच्या पोराला रंधा धरायला लावायचा, तरच बरोबरी होते. नमाजात एका सफेत उभे राहण्याचा अर्थ ज्यांना कळतो, त्यांना हे वेगळे समजावून सांगायची गरज नसावी.

१९६४-६६ च्या कोठारी आयोगाने या साऱ्याला 'कार्यानुभव' असे नाव दिले. त्या आयोगात सैयदैनही होते. पुढे आमच्या शाळांत कार्यानुभव म्हणजे वेळापत्रकातला शेवटचा तास झाला. कागदी पिशव्या, मेणबत्त्या, नाहीतर मैदान झाडणे. ज्याच्या आधाराने सारे विषय शिकवायचे होते, त्याचाच उरलासुरला विषय झाला.

भाषेच्या बाबतीत तर आपल्याच शेजारच्या दोन नव्या देशांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. इंडोनेशिया हा मुसलमानांची सर्वांत मोठी संख्या असलेला देश. तिथल्या तरुणांनी १९२८ मध्येच ठरवले की संख्येने सर्वांत मोठ्या असलेल्या जावा लोकांची भाषा लादायची नाही. बंदराबाजारात सर्वांना समजणारी मलय घ्यायची. १९४५ नंतर तीच राष्ट्राची भाषा झाली. पाकिस्तानने उलटे केले. निम्म्याहून अधिक लोक बंगाली बोलत असताना मार्च १९४८ मध्ये ढाक्यात जिनांनी उर्दू हीच राष्ट्रभाषा असे जाहीर केले. २१ फेब्रुवारी १९५२ ला बंगाली विद्यार्थ्यांवर गोळ्या चालल्या. १९७१ मध्ये देश फुटला. उर्दूचा शिक्षक म्हणून मला हे लिहिताना वेदना होतात, पण लिहिले पाहिजे. भाषेच्या डोक्यावर धर्माची टोपी चढवली की आधी भाषा मरते, मग माणसे मरतात. आफ्रिकेत टांझानियाच्या ज्युलियस न्येरेरे यांनी १९६७ मध्ये स्वावलंबनासाठी शिक्षणाचा आराखडा मांडला. प्राथमिक शाळा स्वाहिलीत, शाळेला शेत जोडलेले. वाचताना वर्ध्याचाच अहवाल वाचतो आहोत असे वाटते. पण माध्यमिक शाळा तिथेही इंग्रजीतच राहिली आणि गाडी तिथेच अडली.

आज आपल्या मोहल्ल्यात इंग्रजी शाळांच्या पाट्या वाढत आहेत. आई-बाप मूर्ख नाहीत. वरची खुर्ची कोणती भाषा बोलते ते त्यांना दिसते. पण घरी आपली वऱ्हाडी वळणाची हिंदुस्थानी, बाजारात मराठी, मशिदीत उर्दू आणि वर्गात न कळणारी इंग्रजी, अशा चौरस्त्यावर पोर उभे राहते तेव्हा त्याला एकही रस्ता पुरता चालता येत नाही. इंग्रजी जरूर शिकवा, पण चांगली शिकवा, भाषा म्हणून शिकवा. मराठीही तितकीच चांगली शिकवा, कारण तहसील, दवाखाना आणि शेजारी मराठीत बोलतो. पण गणित आणि विज्ञान मुलाला कळेल अशाच भाषेत जाऊ द्या. २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरणही शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत मातृभाषा आणि सहावीपासून व्यवसायाची ओळख असेच सांगते. ८३ वर्षांनी फिरून दिल्ली वर्ध्यालाच आली. झाकिर हुसेन समितीने हे सारे १९३७ सालीच लिहून ठेवले होते.

म्हणून माझे मागणे सरकारकडे आहे तसे आपल्या जमातींकडे, अंजुमनांकडे आणि शाळांच्या संचालकांकडेही आहे. सरकारने उर्दू शाळांतली रिकामी पदे भरावीत आणि मातृभाषेचे धोरण उर्दूच्या मुलालाही लागू आहे हे लक्षात ठेवावे. आपण आपल्या उस्तादांना, गॅरेजवाल्यांना, शिलाईवाल्यांना शाळेत मानाने बोलवावे, खुर्ची द्यावी, त्यांच्या हत्यारांवरून गणित शिकवावे. यासाठी कुठल्या मंत्र्याची परवानगी लागत नाही. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत २००५ पासून नई तालीम पुन्हा सुरू आहे, मराठीतून. वर्धा शहरातून तिथे जायला अर्धा तास पुरतो. आपल्या किती शिक्षकांनी, किती विश्वस्तांनी ती शाळा पाहिली आहे?

इंग्रज १९४७ ला गेला. त्याची शाळा अजून आपल्या गल्लीत भरते, आणि घंटा आपणच वाजवतो. ती बदलायची असेल तर तालीम हा शब्द आधी आपल्या घरी परत आणावा लागेल. तो आपलाच होता.