बहात्तर चित्रांचा कॅमेरा

कॅमेरा हातात घेणाऱ्याचा अंगठा आपोआप वरच्या बाजूच्या तरफेकडे जातो. तरफ ओढली की आतली दातेरी चाके फिरल्याचे बोटाला जाणवते, फिल्म एक घर पुढे सरकते आणि शटर पुढच्या चित्रासाठी सज्ज होते. जपानच्या रिको इमेजिंग कंपनीने जून २०२४ मध्ये जाहीर केलेल्या ‘पेंटॅक्स १७’ या फिल्म कॅमेऱ्याची पहिली ओळख होते ती अशी. तेव्हा जाहीर झालेली किंमत सुमारे ५०० अमेरिकी डॉलर. वजन, बॅटरी आणि फिल्म वगळता, २९० ग्रॅम. वरचे व खालचे आवरण मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असूनही कॅमेरा इतका हलका लागतो की पहिल्या क्षणी तो पोकळ वाटावा. तरफ एकदा ओढून पाहिली म्हणजे तो समज जातो.

या तरफेमागे एक कथा आहे. फिल्म कॅमेरा पुन्हा घडवण्याचा संकल्प कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये बोलून दाखवला, तेव्हा तिच्याकडे तरुण अभियंते होते. पण हाताने फिल्म ओढण्याची यंत्रणा ज्यांनी पूर्वी रचली होती, ती पिढी निवृत्त झालेली होती. मोटर बसवून हा प्रश्न टाळता आला असता. कंपनीने तसे केले नाही. जुन्या अभियंत्यांना विचारून, जुने आराखडे उलगडून ती विद्या पुन्हा शिकून घेतली गेली. पेढीवरून घरी बसलेल्या मुनिमाला जुन्या खात्याचा उलगडा करण्यासाठी सन्मानाने बोलवावे, तसाच हा प्रकार. नव्या यंत्रात इतर काही नसते, तरी एवढ्यासाठी त्याची नोंद घ्यावी लागली असती.

नावातील १७ हा आकडा चित्राच्या रुंदीचा. नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर २४ बाय ३६ मिलिमीटरचे एक चित्र उमटते; येथे तेवढ्याच जागेत १७ बाय २४ ची दोन. म्हणजे ३६ चित्रांच्या रिळात ७२. ही युक्ती नवी नाही. १९५९ मध्ये योशिहिसा मैतानी यांनी रचलेला ‘ऑलिंपस पेन’ याच हिशेबावर लोकप्रिय झाला होता. अर्थात फुकट काहीच मिळत नाही. चित्र लहान असल्याने मोठा ठसा काढताना फिल्मचे कण लवकर दिसू लागतात. शिवाय कॅमेरा सरळ धरला असता चित्र उभे येते. कुटुंबाचा आडवा समूह हवा असेल तर कॅमेराच उभा करावा लागतो. जुन्या सवयीचा हात येथे सुरुवातीला हटकून चुकतो.

प्रकाशाचे मापन, झडपेचा वेग, छिद्राचा आकार हे सारे कॅमेरा स्वतः पाहतो. अंतराचा अंदाज मात्र माणसाने बांधायचा. लेन्सभोवतीच्या कड्यावर सहा खुणा आहेत: जवळच्या टोकाला काटा-चमचा, दूरच्या टोकाला डोंगर, मध्ये फूल आणि माणसांच्या आकृत्या. काटा-चमच्याची खूण पाव मीटर अंतरासाठी आहे आणि तेथे एकदोन सेंटिमीटरची चूकही खपत नाही. डोंगराच्या खुणेवर मात्र पाच मीटरच्या पुढचे सारे सामावते. व्ह्यूफाइंडरमधून लेन्सच्या कड्यावरची खूण दिसते, ही सोय फार विचारपूर्वक केलेली आहे. डोळा न हलवता निवड तपासता येते.

एक खोच मात्र ध्यानात ठेवावी. निवडचक्र ‘ऑटो’वर असताना कडे कितीही फिरवले तरी त्याचा परिणाम होत नाही, कॅमेरा आपले ठरलेले अंतर धरूनच चित्र घेतो. कडे फिरते, खूण बदलते, आणि काम काहीच होत नाही. अशा रचनेला सोय म्हणणे कठीण आहे. फिल्मचा आयएसओ आकडाही हातानेच लावायचा असतो. रीळ २०० चे आणि चक्र आधीच्या रिळाच्या ८०० वर राहिले, तर चूक कळते ती फिल्म धुऊन आल्यावर, म्हणजे बहात्तर चित्रांनंतर. दिवाळीत घातलेले रीळ काटकसरी घरात महावीर जयंतीपर्यंतही संपत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या लहानशा चक्राचे मोल कळते. मागच्या दारावर फिल्मच्या खोक्याचा तुकडा अडकवण्याची खोबण आहे. तिचा उपयोग अवश्य करावा.

मागचे दार उघडून रीळ बसवणे सोपे आहे. फिल्मचे टोक खुणेपर्यंत ओढायचे, दार मिटायचे, तरफ चालवायची. पण जैन कुटुंबात हे दार उघडण्यापूर्वी त्या पट्टीवर काय आहे हे माहीत असणे बरे. प्रकाशाने बदलणारे चांदीच्या क्षाराचे कण फिल्मवर ज्या पातळ थरात धरून ठेवलेले असतात, तो थर जिलेटिनचा असतो, आणि जिलेटिन जनावरांच्या कातडी व हाडांपासून काढतात. हे पेंटॅक्सपुरते नाही. कोणत्याही कंपनीच्या, रंगीत वा कृष्णधवल फिल्मची आजची रचना अशीच आहे, आणि पारंपरिक छायाचित्र-कागदाचीही. डिजिटल कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारा भाग सिलिकॉनचा असल्याने तेथे हा प्रश्न उद्भवत नाही. औषधाची कॅप्सूल उघडून तिचे कवच कशाचे आहे हे विचारणाऱ्या घरांतही फिल्मबद्दल हा प्रश्न सहसा विचारला गेला नाही. आजोबांच्या लग्नाचे, पंचकल्याणकाचे, तीर्थयात्रेचे जुने फोटो याच थरावर टिकून आहेत, आणि ते कोणी टाकून द्यावेत असे कोणी म्हणणार नाही. नवे रीळ विकत घेणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. नातवाने वाढदिवसाला हा कॅमेरा मागितला तर ही माहिती त्याला दुकानात जाण्यापूर्वीच द्यावी. किंमत आणि वजन तो स्वतः शोधून काढील.