उभीं चित्रें आणि आडवी पडलेली गोष्ट

पान उघडतांच राजवाडा उभा राहतो, लांडग्याचा जबडा नाकापर्यंत येतो, अशा ‘पॉप-अप’ परीकथांच्या पुस्तकांना सुशिक्षित घरांत हल्लीं मोठा मान आहे. यांनीं मुलांची कल्पनाशक्ति जागृत होते, असें आईबाप मोठ्या विश्वासानें सांगतात. आमचें म्हणणें नेमकें उलट आहे. यांतील बहुतेक पुस्तकें गोष्टीच्या मुळावर आलेलीं आहेत. आणि दोष कागदाच्या कारागिरीचा नसून, ती कोठें खर्च करावी हें न कळण्याचा आहे.

लहान मुलाच्या गोष्टीचा जीव कशांत असतो? विलंबांत. लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट घ्या. शार्ल पेरोनें ती १६९७ सालीं फ्रान्समध्यें छापली, तेव्हां शेवटीं लांडगा मुलीला खाऊन टाकतो. ग्रिम बंधूंनीं १८१२ सालीं शिकारी आणून तिला सोडविलें. शेवट असा पार फिरला. पण आजीच्या बिछान्यापाशीं मुलगी एकेका अवयवाबद्दल विचारते आणि लांडगा गोड आवाजांत उत्तर देतो, हा भाग दोघांनींहि राखला. कान, डोळे, आणि सरतेशेवटीं तो जबडा. सांगणारा थांबतो, मूल श्वास रोखून धरतें. पॉप-अपच्या पानांत जबडा पहिल्याच क्षणीं अंगावर येतो; प्रश्न अजून विचारलेलाहि नसतो!

आपल्या चिमणी-कावळ्याच्या गोष्टींतहि तेंच. कावळ्याचें शेणाचें घर वाहून जाणें ही नुसती प्रस्तावना. खरी गोष्ट बंद दाराची आहे. बाहेर कावळा भिजत उभा, आणि आंतून चिमणीच्या एकामागून एक सबबी. पुढची सबब तोंडपाठ असूनहि मूल ती ऐकायला टपलेलें असतें. कागदाचा कसबी कारागीर घर झकास कोसळवून दाखवील. सबब कशी उभी करील?

सर्वच हलतीं पुस्तकें आम्ही एका मापानें मोजत नाहीं. म्युनिकचे लोथार मेग्गेनडोर्फर (१८४७-१९२५) यांच्या पुस्तकांत एक पट्टी ओढली कीं, पानामागें तारेच्या बारीक वेटोळ्यांनीं जोडलेल्या कागदी दांड्या फिरतात आणि चित्रांतील माणसाचे हात, मान, डोळे वेगवेगळे हलूं लागतात. तेथें गति मुलाच्या बोटांत आहे. हळू ओढावें, थांबावें, परत ढकलावें. उलट १९३२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्लू रिबन प्रकाशनानें ज्यांना ‘पॉप-अप’ हें नांव दिलें, त्या जातीच्या पुस्तकांत पान उलटणें एवढेंच मुलाचें काम. पुढचें सारें पुस्तकच करून मोकळें होतें.

रॉबर्ट सबुडा यांचें २००३ चें ‘ॲलिस’ पाहा. शेवटीं पत्त्यांचा सबंध जोड हवेंत कमानीसारखा उसळतो. तो पाहून थक्क न होणारा विरळा. आणि कॅरोलची गोष्ट? ती कापून, आंखडून, पानाच्या कडेस चिकटविलेल्या इवल्याशा पुस्तिकांत कोंबली आहे. घरची मालकीण ओसरीवर आणि पाहुणे माजघरांत!

कोणी म्हणेल, एरवीं मूल पुस्तकाला हातच लावीत नाहीं. हात? अशा पुस्तकाची प्रत्येक प्रत आजहि माणसांच्या हातांनीं घड्या घालून, चिकटवून तयार होते. म्हणून तें महाग, आणि महाग म्हणून कपाटाच्या वरच्या फळीवर. मुलाच्या वांट्याला येतें तें एकच वाक्य: “फाटेल, हात लावूं नकोस.” ज्याच्यासाठीं घेतलें त्यानें दुरून पाहावें आणि पाहुण्यांसमोर बाबांनीं उघडावें, याला बालवाङ्मय कां म्हणावें?

प्रकाशकांकडे आमचें मागणें फार नाहीं. जबडा पट्टीमागें ठेवा, दार मुलाला उघडूं द्या, आणि मजकूर संपूर्ण व ठळक टायपांत छापा. असें पुस्तक घरांत आधींच आलें असेल, तर आईबापांनीं गोष्ट प्रथम तोंडानें सांगावी. पान मागाहून उघडावें, आणि तें मुलानें.