सेल बदलताना
टी.व्ही.चा रिमोट चालेना म्हणून आम्ही मागचे झाकण उघडले, तर स्प्रिंगवर पांढरा-हिरवट थर चढलेला. दोनपैकी एक सेल महिन्यापूर्वीच नवा घातला होता. दुसरा जुनाच, ‘चालतोय की अजून’ म्हणून ठेवलेला. एका सेलचे पैसे वाचवायला गेलो आणि रिमोट घालवून बसलो!

साध्या पेन्सिल सेलचे बाहेरचे डबडे जस्ताचे असते आणि वीज तयार होताना तेच झिजत जाते. शेवटी भोक पडून आतला रस पाझरतो. संपलेल्या सेलशेजारी नवा सेल बसवला की नवा त्या संपलेल्यातून जबरदस्तीने वीज ढकलतो आणि तो लवकर पाझरतो. म्हणून भगिनींनो, सेल बदलायचे ते सगळे एकदम, एकाच जातीचे. साधा आणि अल्कलाइन अशी जोडी लावू नये. सेल उन्हात ठेवून किंवा दाताने दाबून पुन्हा चालवायची आपल्याकडे फार हौस. तास-दोन तास चालतोही, पण फुटायचा तो फुटतोच. बरेच दिवस वापरायची नसेल ती वस्तू सेल काढूनच ठेवावी.

अल्कलाइन सेल पाझरला असेल तर कापसावर थोडा लिंबाचा रस घेऊन पुसावे, साधा असेल तर ओल्या फडक्याने. हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळावी. पूर्ण वाळल्यावर स्प्रिंगवर पॉलिश पेपर फिरवला की पुष्कळदा रिमोट पुन्हा चालतो. आमचा काही चालला नाही.

रिमोट दुसरा आणता येतो, पण ज्या घरात रांगते मूल आहे त्यांनी पुढचे नीट वाचावे. खेळण्यात, वजनकाट्यात, छोट्या रिमोटमध्ये नाण्याएवढा चपटा बटन सेल असतो. त्यातला २० मिलिमीटर रुंदीचा, ३ व्होल्टचा सेल मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर लाळेतून वीज वाहून २ तासांत आतून गंभीर भाजते. ‘संपलेला’ म्हणून बाजूला टाकलेल्या सेलमध्येही तेवढा जोर उरलेला असतो. मूल नुसती लाळ गाळते, जेवत नाही, खोकते. बाहेरून काहीच दिसत नाही. संशय आला तरी उलटी काढू नये, केळे-भात चारू नये, ‘शौचातून पडेल’ म्हणून थांबू नये. एक्स-रे काढण्याची सोय असलेले सरकारी रुग्णालय गाठावे आणि सेल गिळल्याचा संशय आहे हे दारातच सांगावे. झाकणाला स्क्रू नसलेल्या खेळण्यावर आजच चिकटपट्टी गुंडाळावी.