अंगावरून गेलेलं वारं

म्हाइंभटांचं लीळाचरित्र ज्या रिद्धपुरात सिद्ध झालं, तिथेच आता मराठी भाषा विद्यापीठ आलं आहे. शब्दांच्या या गावीही पक्षाघाताला ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. शब्द सुरेख, पण घातक. वारं म्हटलं की तेल, शेक, मालीश आणि कुठेकुठे कबुतराचं रक्तही ओघानं येतं. बहुतेक वेळा खरा प्रकार असतो मेंदूची रक्तवाहिनी गुठळीनं बुजण्याचा, आणि ती गुठळी कधीकधी मानेतून सुटलेली असते.

जबड्याखाली बोटं टेकली की कॅरोटिड धमनीचा ठोका लागतो. तिथेच जवळ तिला दोन फाटे फुटतात आणि त्या फाट्यावर चरबीचा थर साचतो. थर फुटला की वर रक्त गोठतं, त्याचा कण मेंदूकडे वाहत जातो.

सकाळी हातातली चहाची बशी निसटते, जीभ जड होते, एका डोळ्यापुढे पडदा येतो. दहा मिनिटांत सगळं जागच्या जागी. ‘कमजोरी असन,’ म्हणत माणूस खर्रा तोंडात टाकून संत्र्याच्या बागेत जातो. मोठ्या झटक्याचा धोका सर्वांत जास्त असतो तो नेमका यानंतरच्या दोन दिवसांत.

मानेचा डॉपलर म्हणजे सोनोग्राफीच. थंडगार जेल लावून प्रोब फिरवला की रक्ताची सळसळ ऐकू येते. नळी अरुंद तिथे वेग वाढतो, त्यावरून अडथळा मोजतात. मग सीटी अँजिओग्राफी. रक्तस्राव नाही याची खात्री करून ॲस्पिरिन, जोडीला स्टॅटिन, बीपीवर लगाम आणि खर्रा बंद. अडथळा ७० टक्क्यांच्या वर गेला, पण नळी पूर्ण बुजली नसली, तर थर खरवडून काढतात किंवा स्टेंट घालतात. झटका येऊन गेलेल्या अशा रुग्णांवर उत्तर अमेरिकेत झालेल्या अभ्यासात (१९९१) दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात नुसत्या औषधांवर २६ टक्क्यांना झाला, शस्त्रक्रियेनंतर ९ टक्क्यांना. मात्र हा फायदा पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक. तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळालेला डॉपलर म्हणूनच फारसा कामाचा नाही. सोनोग्राफी पोचलेल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी तो त्याच दिवशी व्हायला हवा. (लक्षणं नसलेल्यांच्या माना ‘पॅकेज’मध्ये तपासत सुटण्याची गरज नाही.)

हात लुळाच राहिला तर १०८ ला फोन. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत, तेही सीटी स्कॅननंतरच. इस्पितळात पहिला प्रश्न येतो: शेवटचे धडधाकट कधी होते? बशी पडली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले होते, ते घरच्यांनी बघून ठेवलेलं बरं.