लाजाळू विजेच्या धड्यातही

विद्यार्थी मित्रहो, लाजाळूचे पान का मिटते हे तुम्ही जीवशास्त्रात शिकता. माझ्या मते तो पदार्थविज्ञानाचाही धडा आहे. पेशीद्रवात मुक्त कॅल्शियम आयन बाहेरच्यापेक्षा सुमारे १०,००० पट कमी असतात. शिवाय आतली बाजू ऋणभारित. धरणात पाणी तुंबावे तसे आयन बाहेर तुंबलेले! पेशीपटलातील प्रथिनांच्या झडपा, म्हणजे आयन-चॅनेल, उघडताच ते आत घुसतात. २०२२ साली जपानी संशोधकांनी चमकणाऱ्या प्रथिनाच्या साहाय्याने लाजाळूत ही कॅल्शियमची लाट पाहिली. विजेचा संदेशही तिच्याबरोबरच धावत होता. कॅल्शियमचे मार्ग रोखणारे द्रव्य दिलेली पाने मिटेनात, आणि नाकतोड्यांनी ती अधिक खाल्ली. विजेचा धडा शिकवताना, शिक्षकहो, तांब्याच्या तारेशेजारी लाजाळूची कुंडी ठेवली तर काय बिघडेल?