खाऊ द्या, पण आपलं व्रत त्याच्यावर नको



"आमचा ब्रूनो पर्युषणात एकाशन करतो," असं कुणी कौतुकानं सांगितलं की बाकीच्या हसतात, मला मात्र हसू येत नाही. कुत्र्याला फळं-भाज्यांचा खाऊ घरी करून घालावा या मताची मी आहे. आमच्या मोतीसाठी मी तो दर आठवड्याला करते आणि विचारणाऱ्या प्रत्येकीला कृतीही सांगते. पण खाऊ वेगळा, जेवण वेगळं आणि आपलं व्रत त्याहून वेगळं. या तिन्हींची सरमिसळ आपल्या घरांतून फार होते, म्हणून आज थोडं स्पष्ट लिहिते.

आधी खाऊ. इंटरनेटवर कृती शोधल्या तर त्यात गाजर, रताळं नाहीतर बीट असतंच. आपल्या घरात कंदमूळ येत नाही म्हणून काहीजणी तिथंच थांबतात. थांबायचं काही कारण नाही. एक वाटी ज्वारीचं पीठ घ्या (मंगळवेढ्याची ज्वारी मिळाली तर उत्तमच), अर्धी वाटी वाफवून कुस्करलेला लाल भोपळा आणि चमचाभर भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट. मीठ, गूळ, तिखट काही नाही. पाणीही घालावं लागत नाही, भोपळ्याच्या ओलाव्यातच पीठ मळलं जातं. पोळीपेक्षा जाडसर लाटायचं, नखाएवढे चौकोन कापायचे आणि ओव्हनमध्ये १६० अंशांवर अर्धा तास, किंवा जाड तव्यावर अगदी मंद आचेवर, कडक होईपर्यंत भाजायचे. तुमच्याकडे भोपळा चालत नसेल तर दुधी किसून, पिळून घ्या. फक्त दुधीचा तुकडा आधी स्वतःच्या जिभेला लावून बघा. कडू निघाला तर तो माणसालाही वाईट आणि कुत्र्यालाही.

हा खाऊ टिकत नाही, आणि मला तेच बरं वाटतं. पिठाची मर्यादा आपल्याकडे पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात सात धरतात. यात तर भोपळा आहे, त्यामुळे बुरशी त्याहूनही लवकर धरते. मी दोन दिवसांपुरताच करते.

भाजायचा कंटाळा आला तर काकडीच्या चकत्या, वाफवलेला श्रावणघेवडा, बिया काढलेलं सफरचंद, पपईची फोड, केळ्याच्या दोन-तीन चकत्या. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचं ऊन कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको. तेव्हा बिया आणि हिरवी साल काढलेल्या कलिंगडाचे गार तुकडे दिले की मोती फरशीवर पसरून निवांत चघळत बसतो. मात्र हे सगळं वरखाणं आहे. दिवसभराच्या अन्नात त्याचा वाटा एक दशांशाच्या वर जाऊ देऊ नये, असं पशुवैद्य सांगतात.

आता काय देऊ नये. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, शिजवले तरी. ते आपल्या स्वयंपाकघरात मुळातच नाहीत, म्हणजे एक मोठा धोका आपोआप टळला. पण त्यामुळे "आपलं सगळं सात्त्विक, त्याला काय होणार" असा एक समज बसतो. तो घातक आहे. आपल्या जिल्ह्यात द्राक्षांना तोटा नाही. हंगामात कुणाच्या ना कुणाच्या बागेतून पेटी येते आणि बेदाणे तर वर्षभर डब्यात असतात, शिऱ्यात पडतात, लाडवात पडतात. हीच द्राक्षं आणि हेच बेदाणे कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात. किती खाल्ले म्हणजे बाधतात याचा नेम नाही. एखादा मूठभर खाऊन हिंडतो, दुसरा थोडक्यात दगावतो. २०२१ पासून पशुवैद्यक तज्ज्ञांचा रोख त्यातल्या टार्टरिक आम्लावर आहे, आणि ते आम्ल चिंचेतही भरपूर असतं. तेव्हा उरलेली आंबटगोड आमटी त्याच्या भाकरीवर ओतायची सवय असेल तर ती आजच सोडा. पोरांनी प्रेमानं बेदाणे भरवलेच, तर उलटी-जुलाबाची वाट बघू नका, त्याच तासाला डॉक्टर गाठा. जायफळ घातलेलं श्रीखंड, चॉकलेट, चहा-कॉफी, शेंगाचटणी (आपली बिनलसणाचीसुद्धा, तिखट-मिठामुळे) यातलं काहीच नको. बाजारच्या पीनट बटरच्या बाटलीवर झायलिटॉल हा शब्द दिसला तर ती कुत्र्याच्या आसपासही ठेवू नका. त्यानं रक्तातली साखर झपाट्यानं उतरते.

आता जेवणाचं. "आपल्याकडची गावातली कुत्री पिढ्यान्‌पिढ्या भाकरी-दुधावरच जगली," असं आपण म्हणतो. खरं आहे. स्वीडनच्या संशोधकांनी २०१३ साली 'नेचर' या नियतकालिकात दाखवलं की पिष्टमय अन्न पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात. माणसाच्या उंबऱ्यावर राहून राहून त्याचं पोट बदललं. पण भाकरी पचते याचा अर्थ भाकरी पुरते असा नाही. नुसत्या भाकरी-दुधावर प्रथिनं, कॅल्शियम, बी-१२ कमी पडतात. पिल्लाला आणि गाभण कुत्रीला तर फारच. कुत्रा शाकाहारावर राहू शकतो. त्यासाठी समतोल केलेलं शाकाहारी खाद्य, डाळ-पनीर यांची जोड, पशुवैद्याचा सल्ला आणि वर्षातून एकदा रक्ततपासणी एवढं लागतं. ते करायची तयारी नसेल तर "आमचा कुत्रा शाकाहारी" हा अभिमान कशाचा? आणि मांजर तर शाकाहारावर सोडूच नये. त्याला लागणारं टॉरिन वनस्पतींतून मिळत नाही. आपल्याला ते घालणं जमणार नसेल तर मांजर आणूच नये, असं माझं ठाम मत आहे.

इथं काही जणी शास्त्र काढतात, आणि काढायलाच हवं. कार्तिकेयानुप्रेक्षेत मांजरासारखे हिंसक प्राणी बाळगणं अनर्थदंडात धरलं आहे. मला ते पटतं. म्हणून हौसेनं, हजारो रुपये मोजून जातिवंत पिल्लू विकत आणायच्या मी विरोधात आहे. पण दारात आलेला, गाडीखाली सापडून लंगडणारा, एकदा आपल्या हातचं खाऊन आपला झालेला जीव ही वेगळी गोष्ट आहे. तो आता आपला आश्रित आहे. आणि आश्रिताबद्दल तत्त्वार्थसूत्र फार स्पष्ट आहे. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत पाठ केले: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. पहिले चार ऐकले की आपल्याला बैल नाहीतर कसाई आठवतो. पाचवा आपल्या घरात घडतो. आपला उपवास आहे म्हणून कुत्र्याचं ताट मागे ठेवणं अन्नपाननिरोधच आहे, मग ते कितीही भक्तिभावानं केलेलं असो.

यावर मला महावीर स्वामींच्या सिंहभवाचा दाखला दिला जातो. चारण मुनींचा उपदेश ऐकून सिंहानं मांस सोडलं, मग कुत्र्यानं का सोडू नये? अहो, सिंहानं ते स्वतः सोडलं होतं. त्याला जातिस्मरण झालं, त्याचे परिणाम निर्मळ झाले. कुणी त्याच्यापुढची वाटी उचलून नेली नव्हती. संज्ञी पंचेंद्रिय तिर्यंचालाही सम्यक्त्व होऊ शकतं हे आपण मानतो, पण ते त्याच्या जिवाला होईल, माझ्या कॅलेंडरातल्या चतुर्दशीमुळे नाही. जीवंधरकुमाराची कथा मला म्हणूनच जास्त जवळची वाटते. यज्ञाच्या अन्नाला तोंड लावलं म्हणून मार खाऊन मरणाला टेकलेल्या कुत्र्यापाशी तो बसला आणि त्याच्या कानात णमोकार म्हटला. तो कुत्रा मरून सुदर्शन यक्ष झाला. जीवंधरानं त्याला "तू ते अन्न का खाल्लंस" असं विचारल्याचं मी तरी कुठं वाचलेलं नाही.

अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी चिरायची नाही असा ज्यांचा नियम आहे, त्यांनी त्या दिवशी काकडीऐवजी ज्वारीचा कोरडा खाऊ द्यावा. तो आदल्या दिवशी करून ठेवता येतो. जेवणाच्या वेळेचं तर आपलं नि त्याचं छान जुळतं. दिवसातून दोनदा खाणाऱ्या मोठ्या कुत्र्याला दुसरं जेवण सूर्यास्ताआधी दिलं तर त्याचं काही बिघडत नाही, आणि आपल्यालाही रात्री अन्न हाताळावं लागत नाही. पाण्याचं भांडं मात्र रात्रीही भरलेलं हवं. रात्रीचं पाणी आपण सोडलंय, त्यानं नाही. मी संध्याकाळी गाळलेलं पाणी भरून ठेवते आणि सकाळी भांडं घासून पुन्हा भरते.